कुठवर आलं ते सांगा

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधलं भिंतीवरचं घड्याळ कुणीतरी लाल स्केचपेनने रंगवून ठेवलं होतं. सव्वाच्या खुणेपासून पुढे एक छोटी लाल पाचर आणि पावणेच्या खुणेपासून पुढे तशीच दुसरी. मला वाटलं, पोरांचा चाळा. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी स्टुलावर चढून ओल्या फडक्याने ते पुसायला गेले. खालून आवाज आला, "मॅडम, ते राहू द्या. तिथे माणसं बुडत असतात."

हे आमचे सर. पांढरे कॅनव्हासचे बूट, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि समोरचा बोलत असताना मान एका बाजूला कलती, जणू तो फार लांबून बोलतोय. मी फडकं घेऊन तशीच खाली उतरले आणि या कॉलेजात आपलं कसं होणार, याची मला काळजी वाटू लागली.

सर मुरबे गावच्या कोळीवाड्यातले. आयुष्यातली चांगली वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर म्हणून काढली होती. पुढे जहाजांवर उपग्रहाचे फोन आले आणि कानाला हेडफोन लावून टकटक ऐकत बसणाऱ्या माणसाची गरज संपली. ते परत येऊन घरी बसले. त्याच सुमाराला, म्हणजे नव्वदीच्या दशकात, पालघर-बोईसर रस्त्यावर आमचं कॉलेज निघालं. कम्युनिकेशन शिकवायला मुंबईहून कुणी यायला तयार नव्हतं. संस्थेने सरांना बोलावलं, आणि सर खाडी ओलांडून सातपाटीला, तिथून एसटीने पालघरला, असे रोज येऊ लागले.

घड्याळाचा उलगडा त्यांनीच केला. समुद्रावरच्या सगळ्या जहाजांनी तासातून दोनदा, सव्वा आणि पावणेला, तीन-तीन मिनिटं रेडिओवर काहीही बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं, असा नियम होता. कुणी संकटात असेल, त्याची बॅटरी संपत आलेली असेल, तर एवढ्या गलक्यात त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार? म्हणून मोठ्यांनी गप्प बसायचं. प्रत्येक जहाजाच्या रेडिओ-खोलीतल्या घड्याळावर अशा लाल पाचरी असत. जहाज सुटलं तरी सरांची ती सवय सुटली नाही. वर्गात फळ्यावर समीकरण अर्धं लिहून झालेलं असायचं आणि काटा पाचरीत शिरला की सर खडू खाली ठेवून डोळे मिटायचे. पोरं तेवढ्यात मागच्या दाराने चहाला जाऊन येत. एकदा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य शिस्तीवर बोलत असताना सरांनी शांतपणे तळहात वर केला. प्राचार्य इतके गोंधळले की तेही थांबले. तीन मिनिटं आम्ही सगळे पंख्याची घरघर ऐकत बसलो. नंतर सर म्हणाले, "कुणी नाही. चालू द्या."

त्यांच्या टेबलावरची प्रत्येक वस्तू जाळ्याच्या सुतळीने बांधलेली असे. स्टेपलर, डस्टर, चहाचा कप, कॉम्प्युटरचा माउस, सगळं. जहाज हलतं, हे त्यांचं कारण. परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी स्टेपलर उचलायला हात घातला आणि त्याबरोबर टेबलाचा खणच बाहेर आला. आम्हाला हसावं की माफी मागावी कळेना. सर मात्र गंभीरपणे म्हणाले की गाठ त्यांनीच मारली होती, चांगली बसली आहे.

आणि त्यांचं ते वाक्य. कुणी म्हणालं की वही हरवली, छत्री हरवली, हजेरीपट हरवला, की सर म्हणायचे, "हरवलं म्हणू नका. कुठवर आलं ते सांगा." वही घरातून निघाली का? एसटीत होती का? गेटपर्यंत होती का? असं करत करत ते वहीला बरोबर तिच्या शेवटच्या मुक्कामावर नेऊन पोचवत, आणि मग पोराला तिथे पाठवत. निम्म्या वेळा वही सापडे. उरलेल्या वेळा निदान ती कुठे गेली हे कळे, आणि सरांना तेवढं पुरे.

त्यांच्या बायकोला मी काकू म्हणत असे. नवरा कॉलेजात शिकवत होता तरी काकू पालघरच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसत. सोडे, सुकट, बोंबील. नवऱ्याच्या नोकरीचा त्यांना अभिमान होता, पण विश्वास नव्हता. मी माहीमची, मुंबईच्या नाही, पालघरजवळच्या; आमच्या घरी चिकूची वाडी, त्यामुळे माझी थट्टा ठरलेली. बागायतदारीण आली, हिला बारकं सुकट चालायचं नाय, असं म्हणून त्या मोठे सोडे मोजून घालायच्या आणि वर मूठभर जास्त टाकायच्या. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बाय, तुजा सर जगाचं ऐकतो. घरातलं तेवढं त्याला ऐकू येत नाय."

काकू आपल्या मुलाबद्दल बोलत होत्या, हे मला पुढे कळलं. त्यांचा एकुलता मुलगा बोईसरच्या एका कारखान्यात फिटर होता. तिथला वास आणि तिथली पाळी दोन्हीला कंटाळून तो आखातात एका बार्जवर कामाला गेला. सरांच्या घरात बापजाद्यांपासून एक रीत होती. दर्यावर गेलेल्याला टोकायचं नाही, कधी येणार म्हणून विचारायचं नाही, आणि गेलेल्यानेही मी सुखरूप आहे असं कळवायचं नाही. निरोप आला तर तो वाईटच. निरोप नाही म्हणजे बरं आहे. सर स्वतः कित्येक वर्षं जहाजांवर होते, पण घरी त्यांनी कधी दोन ओळी लिहिल्या नव्हत्या, आणि ते जिवंत परत आले होते. मुलगा निघाला तेव्हाही त्यांनी त्याला तेच सांगितलं होतं, की बरं असेल तर लिहीत बसू नकोस.

मुलगा बापाचं ऐकणारा निघाला. त्याचं काही येत नव्हतं. काकूंच्या जिवाला घोर लागला होता आणि सर म्हणत, काही येत नाही ना, मग झालं तर.

माझं तेव्हा वेगळंच चाललं होतं. नोकरी पक्की व्हायला एम.ई. हवं होतं. आठवडाभर शिकवायचं, शनिवारी मुंबईला जायचं, घरी लहान मूल, सासूबाईंचे गुडघे. त्या वर्षी मी इतकी दमले होते की एसटीत उभ्या उभ्या झोपत असे. प्रबंधाला विषय हवा होता, तो सरांनी दिला. मासेमारीच्या होड्यांवर लहान वायरलेस यंत्रं बसवायची, प्रत्येक होडीने थोड्या थोड्या वेळाने आपण कुठे आहोत ते किनाऱ्याला कळवायचं. खऱ्या यंत्रांना पैसा कोण देणार? म्हणून सगळं कॉम्प्युटरवर करून बघायचं. त्यासाठी नेटवर्क सिम्युलेटर नावाचा प्रोग्रॅम मी मुंबईहून एका सीडीवर आणला होता.

त्यात होड्या नसतात, नुसते ठिपके असतात. ठिपक्यांमध्ये दुवे जोडायचे, प्रत्येक ठिपक्यावर एक एजंट बसवायचा. होडीवरचा एजंट पाठवणारा, किनाऱ्यावरचा घेणारा. पाठवायची ती पॅकेटं, म्हणजे माहितीच्या क्रमांक घातलेल्या पुड्या. प्रोग्रॅम चालवला की शेवटी एक लांबलचक फाइल मिळते. कुठलं पॅकेट कधी निघालं, कुठे पोचलं, कुठे मेलं, सगळं त्यात ओळीने असतं. सरांना ती फाइल फार आवडली. म्हणाले, हे यंत्र शहाणं आहे, हे हरवलं म्हणत नाही.

पहिल्यांदा चालवलं तेव्हा एकही पॅकेट पोचलं नाही. मी दुवे तपासले, वेळा तपासल्या, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अणुवीज केंद्र इथून जवळच, घिवलीच्या पलीकडे, तरी आमच्या लॅबमधले दिवे दर दुपारी जायचे. म्हणजे परत पहिल्यापासून. सरांनी मागे उभं राहून विचारलं, "तुम्ही दोघांची ओळख करून दिलीत का?" नव्हती दिली. पाठवणारा बसवला होता, घेणारा बसवला होता, मधला रस्ताही बांधला होता, पण तू याला पाठव, असं पाठवणाऱ्याला सांगणारी ओळच मी लिहिली नव्हती. ती लिहिल्यावर पॅकेटं पोचू लागली. सरांनी मला शेंगदाण्याची चिक्की दिली. तीही सुतळीने बांधलेलीच होती.

खरी अडचण पुढे होती. किनाऱ्याने प्रत्येक पॅकेटला पोचल्याचं उत्तर द्यायचं नाही, अशी सरांची योजना होती. इतक्या होड्यांना उत्तरं देत बसलं तर हवेत नुसता कालवा होईल. क्रमांक तर घातलेले आहेतच. पाचनंतर सात आला की सहा हरवला हे किनाऱ्याला कळतं. तेवढंच मागून घ्यायचं. बाकी गप्प. काही नाही म्हणजे बरं आहे. त्यांच्या घरातली रीतच त्यांनी सिम्युलेटरला शिकवली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला ती युक्ती हुशारीची वाटली, आणि माझ्या गाइडनाही.

मग आम्ही सिम्युलेटरमध्ये वादळ घातलं. म्हणजे मध्येच काही दुवे तोडले. प्रोग्रॅम संपल्यावर किनाऱ्याचा अहवाल आला, की सगळ्या होड्या ठीक आहेत. फाइलमध्ये मात्र मेलेल्या पॅकेटांची रांग लागली होती. दोन्ही एकाच वेळी खरं असणं शक्य नव्हतं.

सर मानायला तयार नव्हते. आधी त्यांनी माझ्या टायपिंगवर संशय घेतला, मग यूपीएसवर, मग सीडीवर. शेवटी त्यांनी सगळी फाइल त्या भोकाभोकांच्या लांब कागदावर छापून घेतली, लॅबबाहेरच्या व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरली, बूट काढले आणि नुसत्या मोज्यांवर, हातात पेन्सिल घेऊन ते कागदाच्या कडेने चालू लागले. एकेका पॅकेटाबरोबर चालत होते. पोरं उड्या मारून पलीकडे जात होती. प्राचार्यांनी लांबून पाहिलं आणि ते दुसऱ्या जिन्याने गेले.

एका होडीपाशी सर थांबले. मला म्हणाले, "हिचं शेवटचं कुठवर आलं?"

मी बोट ठेवून दाखवलं. इथवर सगळी ओळीने पोचली आहेत. त्यानंतर दुवा तुटला, पुढची सगळी वाटेतच मेली.

"आणि किनारा?"

"किनारा मागणार नाही, सर. त्याच्याकडे आलेलं सगळं ओळीने आलंय, मध्ये कुठे भोक नाही. पुढचं एखादं पोचलं असतं तर त्याला कळलं असतं की काहीतरी हरवलंय. पुढचं आलंच नाही."

सर खाली बघत उभे राहिले. "म्हणजे होडी बरी असली तरी हे असंच दिसणार. आणि बुडाली तरी असंच दिसणार."

मी हो म्हटलं. मला वाटलं, आता ते नवीन युक्ती सांगतील.

"गणपतीच्या आधी," सर म्हणाले.

मी विचारलं, गणपतीच्या आधी काय?

"माज्या पोराचं. खजूर आलेला, मुरब्याच्या एकाबरोबर. त्यानंतर काय नाय."

तेव्हा शिमगा जवळ आला होता. कॉलेजात सरांच्या तोंडून मी कधी गावची बोली ऐकली नव्हती. ते वळले आणि तसेच, मोज्यांवर, जिना उतरून गेटकडे निघाले. मी त्यांचे बूट घेऊन मागे धावले.

पुढे प्रबंधात आम्ही योजना उलटी केली. प्रत्येक पॅकेटला किनाऱ्याने पोचलं म्हणायचं, आणि ठरल्या वेळात एखाद्या होडीचं काही आलं नाही तर किनाऱ्याने स्वतःहून विचारायचं. हवेत कालवा वाढतो म्हणून गाइड कुरकुरले, पण प्रबंध पास झाला आणि माझी नोकरी राहिली. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त दोन दिवस झोपले. त्या दुपारचं मात्र मला सगळं आठवतं.

आम्ही रिक्षाने बाजारात गेलो. काकू गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होत्या. सर टोपलीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चल. पोराला फोन करू." काकूंनी कारण विचारलं नाही. हातातले बोंबील तसेच टोपलीत टाकले, टोपली डोक्यावर घेतली आणि कनवटीची पिशवी चाचपून म्हणाल्या, "नंबर माज्याकडं हाय." जाताना मुलाने दिलेला तो तिथल्या कामगारांच्या कॅम्पच्या ऑफिसचा नंबर त्या रोज बरोबर घेऊन बाजाराला येत होत्या.

स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवाल्या भैयाने नंबर लावून दिला. पलीकडून कुणी हिंदीत बोललं, की माणूस कामावर आहे, बोलावतो, अर्ध्या तासाने करा. म्हणजे निदान माणूस आहे, असं मी म्हणाले. सरांनी मान हलवली नाही. आहे म्हणजे कोण आहे, कसा आहे, हे त्यांना ऐकायचं होतं.

आम्ही बाकावर बसलो. भैयाच्या भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले आणि सरांनी डोळे मिटले. काकू बघत राहिल्या. मग त्या सरांना म्हणाल्या, मोठ्याने नाही, नेहमीच्या आवाजात.

"आता बी गप. तुमी सांगितलं, टोकायचं नाय, म्हून सा महिने मी बी गप हाय. पन मला भीती वाटते, ती कुनाला सांगू?"

सरांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या पापण्या हलत होत्या.

दुसऱ्यांदा फोन लागला तेव्हा सर काचेच्या त्या खोक्यात शिरले. काकूही शिरल्या, त्यांच्या टोपलीमुळे दार लागेना. सरांनी रिसीव्हर धरला, काकूंनी त्याला दुसऱ्या बाजूने कान लावला, आणि पलीकडून येणारं प्रत्येक वाक्य त्या मान वळवून मला सांगू लागल्या. तोच बोलतो. बरा हाय. मग त्या थांबल्या. हात यंत्रात गेलेला, म्हणतो. उजवा. दोन बोटं गेली. नवरात्रात. आता भरलंय, हलकं काम देतात.

सर म्हणाले, "कळवलं नायस?"

काकूंनी कान आणखी दाबला. "कळवलं म्हनतो. निरोप धाडलेला." मग त्यांचा आवाज बदलला. "म्हनतो, तुमाला कळलं, आनि तुमी काय बोलला नाय. म्हनून परत धाडला नाय."

मी बाहेर उभी होते. मला सरांची पाठ दिसत होती आणि शर्टाच्या खांद्यावरची शिवण. तो मुलगा बापाच्या रीतीने वागला होता. वाईट होतं म्हणून त्याने निरोप पाठवला. निरोप पोचला नाही. उत्तर आलं नाही तेव्हा त्याने मानलं की पोचलाय, घरचे गप्प आहेत, त्यांची मर्जी. आणि इकडे हा माणूस काही आलं नाही म्हणून बरं आहे असं धरून बसला होता. दोन टोकांना दोघं, इतके महिने. मला त्या दोघांचा राग आला आणि रडूही आलं.

भैयाने माझ्याकडे पाहिलं. लाइन कट गई क्या, असं त्याने हातानेच विचारलं.

मग सर म्हणाले, "कुठवर आला?"

पलीकडे मुलगा गोंधळला असावा. सरांनी परत विचारलं, हळू, वर्गात पोराला विचारत तसं. "निरोप कुनाकडं दिलेला? तो कुठवर आला?"

काकू सांगू लागल्या. बार्जवर वापीचा एक माणूस होता. रजेवर निघालेला. त्याच्याकडे तोंडी दिला. तो वापीला उतरला असणार, आपल्या घरी गेला असणार. पुढे कोण येतंय मुरब्याला.

"वापीपर्यंत आला," सर म्हणाले. "पुढं नाय आला. ऐक. मला नाय पोचला. मी गप नव्हतो रे. मला नाय पोचला."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"आता पोचला," सर म्हणाले.

त्यानंतर सर बोलू लागले. हात दुखतो का, जेवायला काय देतात, डॉक्टर कुठला, डाव्या हाताने सही जमते का, आई इथे आहे, आई रोज विचारते, नाही, रोज विचारायचं होतं तिला, मीच नको म्हटलं. वाक्यं एकात एक अडकत होती. इतकं सलग बोलताना मी त्यांना वर्गातही ऐकलं नव्हतं.

काकूंनी त्यांचा दंड धरला आणि हनुवटीने बाहेर, भिंतीकडे खुणावलं. भैयाच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. सरांनी वळून काट्याकडे पाहिलं. मग पुन्हा रिसीव्हर कानाला लावून ते मुलाला विचारू लागले, की रात्री झोप लागते का.